वीस प्रक्रियांची बेरीज ४० जीबी, मग रॅम ८ जीबी असताना सर्व्हर चालतो कसा?

आपण लिहिता की, ८ जीबी रॅमच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या वीस प्रक्रिया चालू आहेत, शेअर्ड बफर्स, म्हणजे त्या सर्वांनी मिळून वापरायची सामायिक मेमरी, २ जीबी ठेवले आहेत आणि चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’ या आज्ञेत प्रत्येक प्रक्रियेसमोर ‘रेस’ (आरईएस) या रकान्यात २ जीबीहून थोडे अधिकच दिसते. ‘टॉप’चे आकडे बरोबर आहेत, फक्त या रकान्याची बेरीज करता येत नाही.

प्रक्रियेने मेमरी मागितली की लिनक्स तिला आधी केवळ पत्ते देते आणि ‘टॉप’मधील ‘व्हर्ट’ या, दिलेले पत्ते मोजणाऱ्या रकान्याचा आकडा तेव्हाच वाढतो. प्रत्यक्ष रॅम त्या पत्त्यांना हात लागेल तशी, सामान्यतः ४०९६ बाइटांच्या एकेका पानाने, जोडली जाते. अशी जोडलेली आणि या क्षणी रॅममध्ये असलेली पाने ‘रेस’ मोजतो, पण तेच पान आणखी किती जणांकडे आहे हे तो पाहत नाही. वाड्यातला एकच आड वीस बिऱ्हाडांनी आपापल्या मालमत्तेत लिहावा, तसे आपल्या २ जीबीचे झाले आहे.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये डेटाबेसशी होणारी प्रत्येक जोडणी ही एक स्वतंत्र प्रक्रिया असते. नवी जोडणी सुरुवातीला थोडेच एमबी दाखवते आणि जसजशी ती शेअर्ड बफर्समधील पाने वाचते, तसतसा तिचा ‘रेस’ चढत जातो. ही वाढ मेमरी गळतीसारखी, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्राम परत करत नसल्यासारखी दिसते. मीही एकदा तिच्यामागे दोन दिवस कोड तपासला होता. ‘रेस’मधून ‘एसएचआर’, म्हणजे त्यातील सामायिक होऊ शकणाऱ्या मेमरीचा रकाना, वजा करून पाहिले असते, तर प्रक्रियेची स्वतःची मेमरी जागची हललेली नाही हे तेव्हाच कळले असते.

बेरजेसाठी ‘पीएसएस’ (प्रपोर्शनल सेट साइज, म्हणजे वाट्यानुसार मोजलेली मेमरी) हा आकडा घ्यावा. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून तो उपलब्ध आहे, आणि ४.१४ पासून ‘प्रॉक’ या, कर्नलची माहिती देणाऱ्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रक्रियेच्या ‘एसमॅप्स_रोलअप’ या फाइलीत एकत्रित मिळतो. त्यात सामायिक पान वापरणाऱ्यांमध्ये वाटून धरले जाते. विसांनीही सगळे बफर्स वाचले असतील, तर २०४८ एमबीतून प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १०२ एमबी येतात. स्वतःचे १२ एमबी धरल्यास प्रत्येकी ११४, आणि विसांचे मिळून सव्वादोन जीबींच्या आसपास. मात्र एक प्रक्रिया बंद केली की तिच्या वाट्याचे १०२ एमबी मोकळे होत नाहीत, ते उरलेल्या एकोणीस जणींत वाटले जातात. सुटतात ते केवळ तिचे खाजगी १२.

सर्व्हरवर आणखी जोडण्या झेपतील का, हे ठरवताना प्रक्रियांची यादी बाजूला ठेवून एकूण मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ या आज्ञेतील ‘अव्हेलेबल’ (उपलब्ध मेमरी) हा रकाना पाहावा.