जेसी स्ट्रीट यांनी मूळनिवासींना मताधिकार मिळवून दिला का?

तुमच्या मुलीला सिडनीच्या शाळेत ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्या जेसी स्ट्रीट यांच्यावर पाच मिनिटं बोलायचंय. '1967 मध्ये मूळनिवासींना मताधिकार मिळवून देणारी स्त्रीवादी' असं म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. हा गैरसमज कितीदा खोडला तरी परत उगवतो, म्हणून लिहितोय. ऑस्ट्रेलियात केंद्राच्या निवडणुकीत सर्व मूळनिवासींना मताधिकार मिळाला तो 1962 च्या कायद्याने. राज्यांमध्ये क्वीन्सलँड सगळ्यात शेवटी आलं, 1965 मध्ये.

1967 च्या सार्वमताने घटनेत दोनच बदल झाले. लोकसंख्या मोजताना मूळनिवासींना धरू नका, असं सांगणारं कलम 127 अख्खं गेलं. कलम 51(26) मध्ये राज्यांतल्या मूळनिवासींना वगळणारे शब्द होते, तेही गेले आणि केंद्राला त्यांच्यासाठी कायदे करता येऊ लागले.

नेमकं या कलमांवर बोट ठेवणं हे जेसींचं काम. तोवर प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे. एकेका राज्याशी भांडत बसलं तर पिढ्या जातील, म्हणून आधी घटनाच बदला, हा त्यांचा आग्रह. त्यांनी पर्ल गिब्ज आणि फेथ बँडलर या कार्यकर्त्यांना गाठलं, वकील ख्रिश्चन जॉली स्मिथ यांच्या मदतीने सार्वमताची मागणी करणाऱ्या अर्जाचा मसुदा तयार केला, आणि 29 एप्रिल 1957 ला सिडनी टाऊन हॉलमध्ये सह्यांची मोहीम सुरू झाली. पुढच्याच वर्षी ॲडलेडमध्ये मूळनिवासींच्या हक्कांसाठी देशपातळीवरची परिषद (संघटना) उभी राहिली.

सार्वमताला दहा वर्षं का लागली, हे मुलीने जरूर सांगावं. विधेयक आधी संसदेत मंजूर व्हावं लागतं. मग देशभरात बहुमत हवं, शिवाय सहापैकी किमान चार राज्यांतही हवं. आजवरच्या 45 प्रस्तावांपैकी फक्त 8 टिकलेत. 1967 मध्ये या प्रस्तावाविरोधात संसदेत कुणीच मत दिलं नाही, त्यामुळे त्यावर 'नाही'ची बाजू मांडणारं अधिकृत पत्रक निघालंच नाही. 'हो'ला 90.77 टक्के मतं पडली, त्याचं एक मोठं कारण हे.

जेसींचा जन्म रांचीचा, 1889 चा, वडील आयसीएसमध्ये. आपल्याकडे सगळे यातच रमतात. एका वाक्यात आटपा. संयुक्त राष्ट्रांची सनद ठरवणाऱ्या 1945 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीमंडळात त्या एकट्याच स्त्री होत्या, ते जास्त महत्त्वाचं.

एक राहिलंच. नव्या अधिकाराने केंद्र मूळनिवासींचं भलंच करेल, असं बंधन घटनेत कुठेच नाही. मूळनिवासी स्त्रिया पवित्र मानत असलेल्या जागेवरच्या हिंडमार्श बेट पुलाला वारसा-संरक्षण कायद्यातून वगळणारा केंद्राचा कायदा 1998 च्या खटल्यात टिकला, तिथे हेच उघडं पडलं. आणि पर्ल गिब्ज स्वतः मूळनिवासी, 1938 च्या शोकदिनापासून (ब्रिटिश वसाहतीच्या दीडशेव्या वर्षी मूळनिवासींनी केलेलं निषेध आंदोलन) या लढ्यात. भाषणात त्यांचं नाव जेसींच्या आधी यावं.