ऑटोमन साम्राज्यात ख्रिश्चन आणि ज्यू लोकांना खरंच स्वातंत्र्य होतं का?

तुम्ही लिहिलंय की एका लेखात ऑटोमन राज्य म्हणजे धार्मिक सहिष्णुतेचा आदर्श असं वाचलं, आणि दुसऱ्या लेखात त्याच राज्यात ख्रिश्चनांची मुलं घरातून उचलून नेली जायची असं वाचलं. यातलं खरं कुठलं, आणि ती ‘मिल्लत’ व्यवस्था, म्हणजे प्रत्येक धर्मसमाजाने आपले घरगुती व्यवहार आपल्याच धर्मगुरूंच्या हाताखाली चालवण्याची पद्धत, आज कुठे शिल्लक आहे का, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही लेख खरं सांगतात. आणि या गोष्टी वेगवेगळ्या शतकांत घडल्या असंही नाही. कधीकधी त्या एकाच घरात घडल्या.

बोस्नियातल्या विशेग्रादजवळ सोकोलोविची नावाच्या गावात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, एका सर्ब ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिश्चन पंथाच्या, कुटुंबात एक मुलगा जन्मला. सुलतानाच्या माणसांनी त्याला लहान वयात नेलं, मुसलमान केलं, राजवाड्यात शिकवलं. तोच पुढे सोकोल्लू मेहमेद पाशा. १५६५ ते १५७९ अशी चौदा वर्षं तो मुख्य वजीर होता. सुलेमान, दुसरा सेलिम आणि तिसरा मुराद या तिघांची कारकीर्द त्याने पाहिली. १५५७ साली पेच इथलं सर्ब चर्चचं बंद पडलेलं धर्मपीठ पुन्हा सुरू झालं, त्यामागे याच मेहमेदचं वजन होतं. त्या पीठावर जो पहिला धर्मगुरू बसला तो मकारिये सोकोलोविच, त्याचाच जवळचा नातेवाईक. द्रिना नदीवर मेहमेदने बांधवून घेतलेला दगडी पूल विशेग्रादला आजही उभा आहे. त्या पुलाचा वास्तुविशारद सिनान, तोही कायसेरीजवळच्या एका ख्रिश्चन घरातून असाच भरतीत गेलेला.

मग ही भरती म्हणजे गरीब मुलांना मिळालेली संधी होती का? असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि मला ते पटत नाही. फर्मान घेऊन अधिकारी बाल्कनमधल्या गावांत यायचे, साधारण चाळीस घरांमागे एक मुलगा निवडायचे. एकुलत्या एक मुलाला सोडायचे. आईबापांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाचं लग्न झालेलं असलं तर तो वाचतो म्हणून काही घरांत पोरांची लग्नं घाईने उरकली जायची. निवडलेली बहुतेक मुलं आधी तुर्की शेतकऱ्यांकडे भाषा आणि धर्म शिकायला राहायची आणि मग जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाच्या, पलटणीत जायची. अगदी निवडक काही राजवाड्याच्या शाळेत पोचायची, आणि त्यांतला एखादाच मेहमेद पाशा व्हायचा. आपण नाव त्या एकाचं घेतो.

सुलतानाला हे का हवं होतं, ते मात्र समजून घ्यायला हवं. जुन्या तुर्की सरदार घराण्यांना जमीन होती, भाऊबंद होते, स्वतःची माणसं होती. कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकल्यावर लगेच, १४५३ मध्येच, सुलतान दुसऱ्या मेहमेदने आपल्या मुख्य वजिराला, चांदार्ली हलील पाशाला, मारून टाकलं. तो अशाच मातब्बर घराण्यातला होता. त्यानंतर वजिरी बहुतेक वेळा सुलतानाच्या ‘कुल’ वर्गाकडे, म्हणजे त्याच्या गुलाम-सेवकांकडे गेली. त्यांचं सगळं सुलतानाच्या मर्जीवर. मर्जी गेली की पद जायचं, मालमत्ता जप्त व्हायची, पुष्कळदा मुंडकंही जायचं. पुढे सतराव्या शतकात ही शिस्त मोडली. जानिसारी लग्नं करू लागले, दुकानं टाकू लागले, पोरांची नावं पलटणीत घालू लागले, आणि मुलांची भरती हळूहळू थांबली. १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने त्यांच्या बराकींवर तोफा डागून ती पलटणच संपवली.

आता घरी राहिलेल्यांचं आयुष्य. १४५४ च्या जानेवारीत दुसऱ्या मेहमेदने गेन्नादिओस या विद्वान भिक्षूला ऑर्थोडॉक्स धर्मगुरूच्या पदावर बसवलं. निवड विचारपूर्वक होती. रोमच्या पोपशी हातमिळवणी करायला गेन्नादिओसचा कडवा विरोध होता, आणि आपल्या ख्रिश्चन प्रजेने पोपकडे पाहू नये हीच सुलतानाचीही इच्छा. लग्न, काडीमोड, वारसा, शाळा, चर्चच्या जमिनी हे धर्मगुरूने पाहायचं. बदल्यात प्रजेची निष्ठा आणि पैसा यांची जबाबदारी त्याची. आपल्याकडे पेशवाईत जातीतले तंटे जातीच्या पंचायतीने मिटवायचे आणि सरकारने महसूल व शांतता पाहायची, त्याच्याशी हे बरंच जुळतं. आर्मेनियन लोकांना इस्तंबूलमध्ये त्यांचं स्वतःचं धर्मपीठ मिळालं. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा दुसऱ्या बायझीदने त्यांना आपल्या बंदरांत उतरू दिलं. थोड्याच वर्षांत इस्तंबूलमध्ये हिब्रू छापखाना सुरू झाला. सालोनिका (आजचं ग्रीसमधलं थेस्सालोनिकी) तर पुढे कित्येक शतकं ज्यूबहुल शहर राहिलं. तिथले विणकर जानिसारींच्या गणवेशाचं लोकरी कापड विणायचे आणि राज्याचा कर त्या कापडातच चुकता करायचे.

‘रूम’ (म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन), आर्मेनियन आणि ज्यू असे तीन कप्पे दाखवणारी आकृती पुस्तकांत असते. ती एकोणिसाव्या शतकाच्या मापाने काढलेली आहे. आधीच्या काळात गावोगावी वेगवेगळी तडजोड होती, आणि ‘रूम’ या एका नावाखाली ग्रीक, सर्ब, बल्गेरियन, रुमानियन आणि अरबी बोलणारे ऑर्थोडॉक्स सगळेच यायचे.

या सोयीची किंमत होती. जिझिया तर होताच. तो शब्द आपण औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादलेल्या करामुळे ओळखतो. ऑटोमन राज्यात १६९१ पासून तो माणशी तीन दरांनी घेतला जायचा: श्रीमंताला चार सोन्याची नाणी, मध्यमाला दोन, गरीबाला एक. बायका-मुलं त्यातून सुटलेली. त्याखेरीज कपड्यांचे रंग ठरलेले, शस्त्र बाळगायला मनाई, चर्च दुरुस्त करायलाही परवानगी काढावी लागायची. कपड्यांबद्दलची फर्मानं पुन्हा पुन्हा निघालेली दिसतात, म्हणजे लोक ती फारशी पाळत नसणार. पण एक नियम फार जाचक होता: मुसलमानाविरुद्ध ख्रिश्चनाची किंवा ज्यूची साक्ष काझी ग्राह्य धरत नसे. आणि धर्माचं दार एकाच बाजूने उघडायचं. मुसलमान होता येत होतं, परतीच्या वाटेवर मृत्युदंड होता. १८४४ मध्ये युरोपीय राजदूतांच्या दबावाखाली सुलतानाने तो न अमलात आणण्याचं आश्वासन दिलं.

या विषयात मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती काझीच्या दप्तरांची. बुर्सा, कायसेरी, सोफिया, निकोसिया, जेरुसलेम, अलेप्पो अशा कितीतरी शहरांच्या न्यायालयांच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. त्या उघडल्या की तीन कप्प्यांचं चित्र विस्कटतं. कारण स्वतःचा धर्मगुरू असताना, कुणी जबरदस्ती केलेली नसताना, ख्रिश्चन आणि ज्यू लोक काझीपुढे उभे दिसतात, तेही मोठ्या संख्येने. घर विकलं, नोंदव. कर्ज दिलं, नोंदव. दोन ख्रिश्चन भाऊ बापाच्या द्राक्षमळ्यावरून भांडतात आणि निवाडा मागायला काझीकडे येतात.

का येत असतील? एक तर काझीच्या शिक्क्याचा कागद सगळीकडे चालायचा. साक्ष मानली जात नाही म्हटल्यावर उद्या मुसलमान शेजाऱ्याशी वाद झाला तर हातात कागद हवा, हे लोकांना पक्कं माहीत होतं. दुसरं म्हणजे निकाल अमलात आणायला काझीमागे राज्य उभं होतं; बिशपच्या हातात बहिष्काराच्या धमकीपलीकडे फारसं काही नव्हतं. आणि तिसरं कारण बायकांचं. शरियतमध्ये मुलीला भावाच्या निम्मा वाटा ठरलेला आहे. निम्माच, पण ठरलेला, आणि तो द्यावाच लागतो. ज्या समाजांत रिवाजाप्रमाणे मुलीची हुंड्यावर बोळवण व्हायची, तिथल्या लेकी हा वाटा मागायला काझीच्या दारात आल्या. काही ख्रिश्चन जोडप्यांनी तर लग्नच काझीपुढे नोंदवलं, कारण तिथे मेहेर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) लिहून मिळायचा आणि चर्च देत नसलेला काडीमोड मिळण्याची वाट मोकळी राहायची. बिशप बहिष्कार घालण्याच्या धमक्या द्यायचे, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरूही, आपल्या लोकांना परक्या न्यायालयात जाऊ नका म्हणून बजावायचे. लोक जात राहिले.

एखादी ख्रिश्चन बाई नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी काझीपुढे इस्लाम स्वीकारायची. मग नवऱ्यालाही विचारलं जायचं: तू मुसलमान होतोस का? तो नाही म्हणाला की लग्न संपलं. या नोंदी दोन-चार ओळींच्या असतात. त्या वाचताना बाईच्या मनात काय असेल हा विचार मला सोडत नाही, कारण तिने मागचं दार कायमचं लावून घेतलेलं असायचं.

म्हणून मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं देईन: आपल्या रीतीने जगण्याची मुभा होती, बरोबरीचा हक्क नव्हता, आणि सामान्य माणूस या दोहोंच्या मधल्या फटींतून आपलं काम साधत होता. समाजांमधल्या भिंती उंच असाव्यात ही सुलतानापेक्षाही धर्मगुरूंची इच्छा जास्त होती, असं माझं मत झालंय. बाजारातल्या कितीतरी व्यवसायसंघांत सगळ्या धर्मांचे कारागीर एकत्र होते. मोहल्ल्यात एकमेकांचे जामीन राहावं लागायचं. इस्तंबूलमध्ये फेनेर आणि बालात हे शेजारशेजारचे भाग आहेत, तिथून जरूर चाला. ऑर्थोडॉक्स धर्मपीठ, जुनी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं), आर्मेनियन चर्च आणि मशिदी सगळं पायी फिरण्याच्या अंतरात आहे.

धर्मपीठाचा मुख्य दरवाजा मात्र बंद दिसेल. १८२१ मध्ये ग्रीकांचा उठाव झाला तेव्हा सुलतानाने धर्मगुरू पाचवा ग्रेगोरियोस याला त्याच दरवाज्यात फाशी दिलं. उठावाचा त्याने निषेध केला होता, तरीही. समाजाच्या निष्ठेची हमी म्हणून ज्याला बसवलं, त्याच्याच मानेवर हमी वसूल केली. तेव्हापासून तो दरवाजा उघडलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात राज्याने बरोबरी देऊ केली. १८३९ च्या गुलहाने फर्मानाने सगळ्या प्रजेला जीव, अब्रू आणि मालमत्तेची हमी दिली. १८५६ च्या फर्मानाने नोकऱ्या, शाळा, सैन्य सगळ्यांना खुलं केलं. यावर लोक खूश झाले असतील असं वाटतं ना? अहमद जेवदेत पाशा या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की वाडवडिलांनी रक्त सांडून मिळवलेला मान आज गेला म्हणून मुसलमान हळहळले. आणि काही ग्रीकांची तक्रार अशी की मुसलमान वरचढ होते ते चालत होतं, पण सरकारने आम्हाला ज्यूंच्या पंक्तीला बसवलं. उतरंडीत आपल्या खाली कुणीतरी असणं माणसाला किती हवं असतं! सैन्यात जायला ख्रिश्चनही फारसे राजी नव्हते. मग जिझिया गेला आणि त्याच्या जागी सैन्यसेवेच्या बदल्यात द्यायचा कर आला. १८६० मध्ये दमास्कसला ख्रिश्चनांची कत्तल झाली. तिथे हजारोंना वाचवणारा माणूस होता अब्द अल-कादिर, फ्रेंचांशी लढून हरलेला आणि तिथे येऊन राहिलेला अल्जीरियाचा मुसलमान अमीर.

मग राष्ट्रवाद आला आणि त्याने जुन्या धर्माच्या कप्प्यांवरच आपली इमारत बांधली. १८७० मध्ये सुलतानाने बल्गेरियनांना वेगळं धर्मपीठ दिलं. एखाद्या भागातल्या दोन तृतीयांश लोकांनी मागणी केली तर तो भाग नव्या पीठाकडे जाईल, असं कलम त्या फर्मानात होतं. झालं, मॅसिडोनियाच्या गावागावांत प्रश्न उभा राहिला: तुम्ही ग्रीक की बल्गेरियन? तोवर तिथला शेतकरी स्वतःला नुसता ख्रिश्चन म्हणत होता.

शेवट भयंकर झाला. १९१५ पासून आर्मेनियनांची हद्दपारी आणि संहार झाला. तो वंशसंहार होता, आणि त्याला दुसरं सौम्य नाव द्यायला मी तयार नाही. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिश्चन एका बाजूला मोजले गेले आणि साडेतीन-चार लाख मुसलमान दुसऱ्या बाजूला. निकष फक्त धर्म. अनातोलियातले करामानली ख्रिश्चन घरात तुर्की बोलायचे, तुर्कीच ग्रीक लिपीत लिहायचे. त्यांना ग्रीसला पाठवलं. क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलायचे; त्यांना तुर्कस्तानला. दोघांनाही नव्या देशात शेजाऱ्यांची भाषा कळेना.

आज काय उरलंय? खुद्द तुर्कस्तानात काहीच नाही. १९२६ मध्ये त्यांनी स्विस नागरी कायद्याच्या धर्तीवर सगळ्यांना एक कायदा केला. शिल्लक आहे ती आजूबाजूला. लेबनॉनमध्ये अठरा मान्यताप्राप्त पंथ आहेत आणि लग्न-वारशाचे कायदे पंथानुसार चालतात. ग्रीसच्या पश्चिम थ्रेस भागातले मुसलमान अदलाबदलीतून वगळले गेले होते. त्यांचे कौटुंबिक वाद मुफ्तीकडे, म्हणजे मुसलमान धर्मशास्त्राच्या अधिकाऱ्याकडे, जायचे, आणि दोन्ही पक्षांना मान्य असेल तरच मुफ्ती, नाहीतर ग्रीक न्यायालय, हा कायदा २०१८ मध्ये झाला. इस्रायलने ही व्यवस्था ब्रिटिशांमार्फत बरीचशी तशीच घेतली: ज्यूंचं लग्न रब्बीच्या न्यायालयात, मुसलमानांचं काझीकडे, ख्रिश्चनांचं आपापल्या चर्चमध्ये. देशात नागरी विवाह नाही, त्यामुळे तिथल्या ज्यू आणि ख्रिश्चन जोडप्याला लग्न करायचं असेल तर पुष्कळदा सायप्रसला जाऊन करावं लागतं आणि परत येऊन नोंदवावं लागतं.