घरात वीज नेमकी खातंय कोण? वाचकांचे प्रश्न

मे-जूनची बिलं हातात पडली की विजेची पत्रं वाढतात. यावेळी बरेच प्रश्न एकाच वळणावर आलेत, म्हणजे बिल वाढलंय हे कळतं पण कशामुळे ते कळत नाही, म्हणून हा अंक त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही कांदिवलीला वन बीएचकेमध्ये चौघं राहतो. मार्चपर्यंत साधारण 200 युनिट यायचे, मेमध्ये एकदम 380 आले. नवरा म्हणतो फ्रिज जुना झालाय, नवीन घेऊ. सासूबाई म्हणतात गिझर. मला एसीवर संशय आहे. ऑनलाइन एक छोटा मीटर मिळतो, प्लगमध्ये लावायचा, तो घेऊ का? की सरळ फ्रिजच बदलू?

उत्तर: फ्रिज अजिबात बदलू नका अजून, आणि तो प्लगचा मीटरही आजच मागवू नका, आठवडाभर थांबा. तुमच्या घराचा एक चांगला मीटर खाली मीटर रूममध्ये आधीच लागलेला आहे, चुकला तर एखाद टक्काच चुकेल इतका अचूक, आणि तो चोवीस तास तुमच्यासाठीच मोजतोय, फक्त आपण त्याच्याकडे बघत नाही.

आधी जरा आकडेमोड करू. 380 मधून 200 गेले की 180 युनिट जास्तीचे, महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचे 6. 1 युनिट म्हणजे 1000 वॉटची वस्तू तासभर चालणं, तेव्हा रोज 6 युनिट म्हणजे 250 वॉटची वस्तू दिवसरात्र न थांबता चालू ठेवल्यासारखं आहे. घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर साधारण 100-150 वॉट घेतो, तो बिघडून चोवीस तास सलग चालला तरी दिवसाला 3.6 युनिटच्या वर जाणार नाही, आणि त्यातला काही भाग तर तो आधीपासून खातच होता, म्हणजे 6 युनिटची ही वाढ एकट्या फ्रिजवर टाकताच येत नाही. गिझरचं बघा, 25 लिटरची टाकी पूर्ण तापवायला 1 युनिटच्या आसपास लागतो, 15 लिटरची असेल तर 0.6, आणि मे महिन्यात मुंबईत नळालाच कोमट पाणी येतं, त्यामुळे उन्हाळ्यात गिझरचा खर्च उलट कमी व्हायला हवा. उरला एसी. दीड टनाचा एसी रात्री सात-आठ तास चालला की 6 युनिट सहज जातात. तुमचा संशय बरोबर वाटतोय, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा.

मोजायचं असं. रोज रात्री ठरलेल्या वेळी, समजा साडेदहाला, मीटरचा फोटो काढायचा. मीटरच्या स्क्रीनवर तारीख, वेळ, व्होल्टेज असं काय काय आपोआप सरकत असतं, काहींना बटण असतं, त्यातला ज्या आकड्यापुढे kWh लिहिलेलं असतं तोच युनिटचा आकडा, बाकीच्याकडे लक्ष नका देऊ. फोटोसोबत वहीत दोन शब्द लिहायचे, एसी किती वेळ चालला, मशीन लावली का, पाहुणे होते का, इस्त्री झाली का. आठवड्यात दोन रात्री मुद्दाम एसी बंद ठेवून फक्त पंख्यावर काढा. त्या दोन दिवसांचे आणि बाकीच्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवले की घरात वाद घालायची गरजच उरणार नाही.

आणि स्लॅबचं नीट समजून घ्या, कारण इथे खूप जणांचा गोंधळ होतो. घरगुती वापराला आपल्याकडे 100, 300 आणि 500 युनिटवर दर बदलतो, बेस्ट असो, अदानी असो, टाटा असो की मुलुंड-भांडुपकडची महावितरण, टप्पे हेच. 300 ओलांडले म्हणून सगळेच युनिट महागात पडत नाहीत, पहिले 100 पहिल्याच दराने, पुढचे 200 दुसऱ्या दराने आणि तुमचे वरचे 80 तेवढे तिसऱ्या दराने लागतात. पण ते 80 चांगलेच महाग असतात आणि वर 16 टक्के वीज शुल्कही लागतं. म्हणून सगळं घर अंधारात ठेवण्यापेक्षा हे वरचे 80 कुठून आले तेवढं शोधा, फरक तिथेच पडतो.

एवढं करूनही फ्रिजची शंका गेली नाही तर मग प्लगचा मीटर घ्या, एकमेकांत फिरवता येतो, बिल्डिंगमध्ये चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. फक्त फ्रिजला लावून पाच मिनिटांत दिसणारे वॉट बघून निकाल देऊ नका. कॉम्प्रेसर चालू असताना वेगळा आकडा दिसतो, बंद झाला की जवळजवळ शून्य, आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मधेच बर्फ वितळवायचा हीटर लागतो तेव्हा वॉट एकदम वर जातात. पूर्ण चोवीस तास, जमलं तर दोन दिवस लावून ठेवा आणि एकूण युनिट बघा. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, समजा 220 लिहिलंय, तर दिवसाला 0.6 झाले. घरात दार सारखं उघडतं, किचन गरम असतं, त्यामुळे थोडे जास्त येणारच. पण 2 वगैरे आले तर आधी दाराचं रबर बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा, पट्टी सहज ओढली गेली तर गारवा तिथून बाहेर जातोय, आणि रबर बदलायला नव्या फ्रिजइतका खर्च येत नाही.

प्रश्न: आम्ही लालबागला चाळीत राहतो. सगळ्यांचे मीटर जिन्याखाली एकत्र आहेत, वायरिंग फार जुनं. घरात दोन पंखे, टीव्ही, छोटा फ्रिज एवढंच, तरी बिल शेजारच्यांपेक्षा जास्त. माझ्या मीटरवर दुसऱ्या कोणाची लाइन असेल का? कसं ओळखायचं? भांडण नको आहे.

उत्तर: भांडण नको हे बरोबरच, आणि गरजही नाही, कारण हे तपासायला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात.

सगळ्यात आधी बिलावरचा मीटर नंबर आणि जिन्याखालच्या मीटरवरचा नंबर जुळतोय का ते बघा. रूम नंबर कोणीतरी खडूने किंवा पेंटने लिहिलेला असतो त्यावर विश्वास ठेवू नका. मग बिलातलं चालू रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग ताडून बघा, कधीकधी मीटर बघायलाच मिळाला नाही म्हणून सरासरीचं बिल आलेलं असतं.

हे जुळलं की एकाने जिन्याखाली मीटरसमोर उभं राहायचं, एकाने घरातला मेन स्विच पाडायचा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो, मेन पाडल्यावर तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर आणि तुमचा मेन यांच्यामध्ये कुठेतरी दुसरा लोड आहे, किंवा तो मीटर तुमच्या खोलीचाच नाही. आणि तुमचा थांबून शेजारच्या मीटरचाही थांबला तर दोन्ही घरांच्या लाइन कुठेतरी एकमेकांत मिसळल्यात. आता मेन परत चालू करा पण घरातलं सगळं बंद ठेवा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा. दिवा तरीही लुकलुकला तर घरातल्या वायरिंगमध्ये करंट गळत असावा, ओल आलेल्या भिंतीत हे फार होतं आणि ते बिलापेक्षा जिवासाठी जास्त वाईट आहे. त्याच आठवड्यात परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि वायरिंग तपासून आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन आपोआप बंद करणारा स्विच, लावून घ्या, 30 मिलिअँपिअरचा, हे मी अगदी हात जोडून सांगतेय.

जुन्या इमारतीत आणखी एक भानगड असते ती म्हणजे दोन खोल्यांची न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर एकत्र झालेली. आताचे बरेच मीटर जाणारा आणि परत येणारा करंट दोन्ही मोजतात आणि दोघांत जो जास्त त्यावर युनिट धरतात. म्हणजे शेजारच्यांचा परतीचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून आला तर कोणी चोरी केली नसतानाही तुमचे युनिट वाढतात. मीटरवर इंग्रजीत EARTH लिहिलेला वेगळा दिवा पेटलेला दिसला तर हीच शंका घ्यायची. यात शेजाऱ्यांची काही चूक नाही, त्यांना तसंच सांगा आणि दोघांनी एकच इलेक्ट्रिशियन आणा. मीटरच्या सीलला मात्र हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियननेही नाही.

यातून काहीच निघालं नाही तर वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे समाधान नाही झालं तर पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल.

प्रश्न: मुलुंडहून लिहितोय. एसी आणि गिझर दोन्हीला स्मार्ट प्लग लावून मोबाईलवर बघायचंय. एसी इन्व्हर्टरचा आहे, मित्राच्या प्लगवर कधी 300 वॉट दाखवतो कधी 1400, मग खरं काय धरायचं? आणि 24 वर ठेवा म्हणतात त्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर: दोन्ही खरंच आहे. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला जोरात चालतो आणि खोली गार झाली की वेग कमी करतो, म्हणून वॉट बघायचेच नाहीत, रात्रीचे एकूण युनिट बघायचे. एक रात्र 24 वर, एक रात्र 27 वर पंखा लावून, असं आलटून पालटून चार-सहा रात्री करा, एकाच रात्रीवरून ठरवू नका, एखाद्या रात्री बाहेरच उकाडा कमी असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते, आणि 1 जानेवारी 2020 पासून नवे एसी चालू केल्यावर आपोआप 24 वरच येतात. आपल्याकडच्या दमट हवेत 26-27 आणि वर हळू पंखा हे मला तरी पुरेसं वाटतं.

प्लग घेताना 16 अँपिअरचाच घ्या, 10चा नको. गिझर 2000 वॉटचा म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर, 3000 वॉटचा असेल तर 13, आणि 10वाला रोज एवढा तापला तर प्लास्टिक वितळू शकतं. मधे एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. एसी त्या प्लगवरून बंद करत जाऊ नका, रिमोटनेच करा, प्लग फक्त मोजायला ठेवा. बरेच प्लग 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, राउटरचं बघून घ्या. आणि एसी थेट वायरने जोडलेला असेल, प्लगच नसेल, तर खालच्या मीटरचं झोपताना आणि उठल्यावर रीडिंग घ्या, तेवढं पुरतं.

प्रश्न: सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला की वीज थांबते ना? आई रोज बटण बंद करायला लावते.

उत्तर: आईचं ऐका. बरेच बॉक्स रिमोटने बंद केले तरी जवळपास तेवढीच वीज घेत राहतात. 10 वॉट धरले तरी चोवीस तासांचे महिन्याला 7 युनिट होतात. पण घरात जुने पंखे असतील तर त्यांच्याकडे आधी बघा, 75 वॉटचा पंखा दिवसाला 20 तास चालला तर महिन्याला 45 युनिट, त्या जागी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॉटचा असेल तर 18.

प्रश्न: मी अंधेरीला पेइंग गेस्ट आहे. रूमला वेगळा सब-मीटर आहे, घरमालक काका युनिटप्रमाणे पैसे घेतात. मीटर जोरात पळतो असं वाटतं. यंत्र न घेता तपासता येईल?

उत्तर: येईल, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरे. सब-मीटरवर दिव्याशेजारी 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो, म्हणजे दिवा तितक्या वेळा लुकलुकला की 1 युनिट. समजा 3200 आहे. रूममधलं सगळं बंद करा, चार्जरसुद्धा काढा, फक्त पंखा फुल्लवर ठेवा. दिवा एकदा लुकलुकला की स्टॉपवॉच चालू, तो शून्य धरायचा, आणि तिथून पाचव्या वेळी लुकलुकला की बंद. एकूण सेकंदांना 5 ने भागा, आणि 1125 ला त्या उत्तराने भागा, जो आकडा येईल ते पंख्याचे वॉट. 75 सेकंद लागले तर एकेकाला 15, आणि 1125 भागिले 15 म्हणजे 75 वॉट, जुन्या पंख्याला अगदी बरोबर. 1600 छापलं असेल तर 1125 च्या जागी 2250 घ्यायचे.

पंख्याचे 75 च्या जागी 150 निघाले तर मीटरमध्ये गडबड आहे किंवा तुमच्या रूमच्या लाइनवर बाहेरचं काहीतरी जोडलंय, पॅसेजचा दिवा किंवा पाण्याचा फिल्टर वगैरे. सगळं बंद केल्यावरही दिवा लुकलुकतोय का ते आधी बघितलंत तर हे लगेच कळेल. काकांना आकडे शांतपणे दाखवा, त्यांनाही कदाचित माहीत नसेल. आणि इथून पुढे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांनी एकत्र उभं राहून रीडिंग घ्या आणि फोटो एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅप करा.