गीझर खालून ठिबकतोय: टाकी गेली म्हणण्याआधी एवढं बघा

ताई, तुम्ही कळवलंत ते असं: कोल्हापुरात राजारामपुरीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, २५ लिटरचा सहा वर्षं वापरलेला उभा गीझर, खालच्या कव्हरमधून थेंब थेंब पाणी, आणि प्लंबर बघताक्षणी म्हणतोय "टाकी गेली, नवा घ्या". एवढ्यावरून टाकी गेली असं कुणालाच सांगता येणार नाही. बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये फोम भरलेला असतो. पाणी कुठूनही सुटलं तरी फोममधून किंवा पाइपवरून ओघळत सगळ्यात खाली येतं. त्यामुळं ठिबकतंय तिथंच गळती आहे असं धरू नका.

आधी वीज. नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी (वीजपेटीतला गीझरचा खटका) पाडा आणि प्लग काढा. थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) आणि एलिमेंटची (पाणी तापवणाऱ्या कॉइलची) टोकं नेमकी त्या खालच्या कव्हरमध्येच असतात. आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा खटका) पडत असेल तर ती बाजूला काढून गीझर चालवायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका. गळती सापडेपर्यंत बादलीत पाणी तापवा.

आता वर्तमानपत्राच्या पट्ट्या करा. दोन्ही कनेक्शन पाइपांची दोन्ही टोकं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (गार पाण्याच्या तोंडावरची, जास्तीचा दाब सोडणारी दांडीवाली तोटी) कोरड्या फडक्यानं पुसून प्रत्येकावर एक पट्टी गुंडाळा, कव्हरखाली एक कागद ठेवा. वीज बंदच ठेवून फक्त पाणी सोडा आणि दोन तास थांबा. जो कागद आधी भिजेल तिथं गळती. कंपनीच्या वॉरंटीला धक्का लागत नाही, कारण अजून काहीच उघडलेलं नसतं.

पाइपाचं टोक भिजलं तर सोपं आहे. उष्णतेनं रबरी वॉशर कडक होऊन चिरतो. नवा अर्ध्या इंची वॉशर लक्ष्मीपुरीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. बदलताना एका पान्यानं गीझरचा निपल (टाकीतून बाहेर आलेलं आट्यांचं तोंड) धरा आणि दुसऱ्यानं नट फिरवा. निपल फिरला तर टाकीचा जोड तडकतो, आणि खरोखरच टाकी जाते. वॉशरच्या नटाला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळावी लागत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल आहे. पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की जवळपास पावणेदोन टक्के फुगतं, म्हणजे २५ लिटरमागे सुमारे ४०० मिली. व्हॉल्व्हमध्ये उलट जाणारं पाणी अडवणारी झडप असते, म्हणून ते मागं गच्चीवरच्या टाकीकडं जाऊ शकत नाही आणि बाहेर पडतं. तापताना, पहिल्या ३५-४० मिनिटांत ठिबकून नंतर थांबत असेल तर तो दोष नव्हे. तिथं नळी जोडून पाणी मोरीत सोडा. ते तोंड बूच मारून बंद कधीच करू नका, त्यानं टाकी फुटू शकते.

गार असतानाही सतत ठिबकत असेल तर वेगळं कारण. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब येतो, आणि हे व्हॉल्व्ह बहुतेक ८ बारला उघडतात. गच्चीवरच्या टाकीचा दाब तिथपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणजे व्हॉल्व्हच्या दाब सोडणाऱ्या झडपेखाली कचरा अडकलाय, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की हे हमखास होतं. व्हॉल्व्हची दांडी दोन-तीन वेळा उचलून पाणी जोरात जाऊ द्या. तरी थांबलं नाही तर तेवढ्याच बारचा नवा व्हॉल्व्ह बसवा. इमारतीत प्रेशर पंप असेल तर मात्र दाब मोजून घ्या.

बाहेरचे सगळे कागद कोरडे आणि फक्त कव्हरखालचा ओला, तर आता वॉरंटीकार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या टाकीची वॉरंटी वेगळी देतात, ५ ते ७ वर्षांची. तुमचा गीझर सहा वर्षांचा आहे, त्यामुळं कंपनीचा माणूस येईपर्यंत प्लंबरला पेच फिरवू देऊ नका.

वॉरंटी संपली असेल तर पाणी पूर्ण गार होऊ द्या, टाकी रिकामी करा आणि कव्हर काढा. एलिमेंटच्या फ्लँजभोवती (एलिमेंट बसवलेल्या बोल्टच्या चकतीभोवती) पांढरी खरपुडी दिसली तर गॅस्केट, म्हणजे चकतीखालचं रबर गेलंय, टाकी नाही. गॅस्केट त्याच मॉडेलचं घ्या. बसायची जागा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, लोखंडी पट्टीनं आतला काचेचा मुलामा निघतो. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. फ्लँज हातात आहे तोवर मॅग्नेशियमचा रॉड बघा. नुसती तार उरली असेल तर तो लगेच बदला, कारण टाकीऐवजी तोच गंजत असतो. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर तो दरवर्षी बघा. एलिमेंटवरचा चुना काढायला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं. फरशीचं अ‍ॅसिड नको.

फ्लँज कोरडा आणि पाणी फोममधून तांबूस येत असेल, तर मात्र प्लंबर बरोबर. काचेचा मुलामा असलेली टाकी उद्यमनगरात वेल्ड करून आणायचा विचार करू नका. वेल्डिंगच्या आचेनं आजूबाजूचा मुलामा तडकतो आणि काही महिन्यांत तिथूनच पुन्हा गळते. तांब्याची टाकी असेल तर झाळून चालते.

परत जोडल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा. हवेचे फुगे थांबून सलग धार आली की मगच वीज. रिकाम्या टाकीत एलिमेंट मिनिटभरात जळतं. कुठला कागद आधी भिजला आणि गार असताना की तापल्यावर, ते कळवा.