पोलीस आले, पण कायदा कुठला?

प्रश्न : युद्ध संपलेल्या देशात परदेशी मदतीने नवे पोलीस उभे केले की न्याय मिळू लागतो का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, नुसत्या पोलिसांनी भागत नाही. त्र्यंबक रोडच्या अकादमीत पंचनामा शिकून मी संयुक्त राष्ट्रांच्या पोलिसांत कोसोवोला, म्हणजे सर्बियाच्या तेव्हाच्या अल्बानियन-बहुल प्रांतात गेलो. १९९९ मध्ये तिथे पोलीस शाळा निघाली, पण सर्बियन कायदा लावायला अल्बानियन न्यायाधीश तयार होईनात. अखेर डिसेंबरात मार्च १९८९ मधला, म्हणजे सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता काढून घेण्याआधीचा कायदा पुन्हा लागू केला. स्थानिक न्यायाधीशांवर दबाव फार, म्हणून २००० पासून परदेशी न्यायाधीशही बसवले. मला विचाराल तर पहिला पैसा साक्षीदारांच्या संरक्षणावर घालावा. जबाबावर सही करताना एक आजी सारखी दाराकडे बघत होती. पेन दोनदा खाली ठेवलं तिनं.