हिबाकुशा: बळी, पीडित की ग्रस्त?

विचारणा अशी आहे: एका वाचनालयात ६ ऑगस्टच्या, म्हणजे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्या दिवसाच्या, निमित्ताने 'निहोन हिदानक्यो' या जपानी संघटनेच्या कामावर फलक लावायचे आहेत. ही हिबाकुशांची, म्हणजे अणुबॉम्बच्या आगीतून उरलेल्या माणसांची, संघटना. मजकूर इंग्रजीतून मराठीत आणताना तीन ठिकाणी गाडं अडलं. 'हिबाकुशा'ला 'अणुबॉम्बचे बळी' म्हटलं तर चालेल का? 'अण्वस्त्रांचे निःशस्त्रीकरण' ही शब्दयोजना बरोबर आहे का? आणि 'नो मोअर हिबाकुशा' ही घोषणा मराठीत कशी लिहायची?

'बळी' हा शब्द आधी खोडा. बळी गेला म्हणजे माणूस गेला. हिरोशिमात १९४५ सरेपर्यंत साधारण १,४०,००० आणि नागासाकीत साधारण ७०,००० माणसं गेली, त्यांना बळी म्हणा. पण हिबाकुशा म्हणजे त्या आगीतून उरलेली, पुढे साठ-सत्तर वर्षं जगलेली, संघटना बांधून बोलत राहिलेली माणसं. शिवाय बळी 'देतात', कशासाठी तरी आणि कुणाला तरी. त्या शब्दाला चिकटलेला नैवेद्याचा वास या माणसांच्या अंगाला लावू नये असं मला मनापासून वाटतं.

'वाचलेले' किंवा 'बचावलेले' हे इंग्रजीवरून पटकन सुचतात. त्यात खोटं काही नाही, पण गोष्ट त्या दिवशीच संपली असं त्यातून ऐकू येतं. ती संपली नव्हती. भाजलेल्या जागी जाड, ताणलेले व्रण उठले, काही वर्षांनी रक्ताचा कर्करोग दिसू लागला. लग्न मोडेल, नोकरी मिळणार नाही या भीतीने कित्येकांनी आपण त्या दिवशी त्या गावात होतो हे घरच्यांपासूनही लपवलं. याला बचावणं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता मूळ शब्द. तो तीन अक्षरांचा आहे: हि, बाकु, शा. 'शा' म्हणजे व्यक्ती. 'बाकु' म्हणजे स्फोट, आणि त्या अक्षराच्या डाव्या अंगाला आगीची खूण असते. 'हि'च्या डाव्या अंगाला कपड्याची खूण आहे. अंगावर आलेलं, अंगावर घ्यावं लागलेलं, असा त्याचा भाव. म्हणजे स्फोट ज्याच्या अंगावर आला तो हिबाकुशा. 'बाकु' हा उच्चार असलेलं दुसरंही एक अक्षर आहे, त्यात आगीच्या जागी सूर्याची खूण असते. ते लिहिलं की किरणोत्सर्गाला उघडा पडलेला माणूस, असा अर्थ होतो. बोलताना दोन्ही सारखेच. म्हणूनच आता जगभरच्या अणुचाचण्यांची झळ बसलेल्या लोकांनाही हा शब्द लावतात आणि तेव्हा तो मुद्दाम उच्चार दाखवणाऱ्या लिपीत लिहितात, आग की सूर्य हा प्रश्नच उरत नाही.

संघटनेच्या नावातही हाच 'हि' आहे. पूर्ण नाव 'निहोन गेन्सुइबाकु हिगाइशा दान्ताइ क्योगिकाइ'. निहोन म्हणजे जपान, गेन्सुइबाकु म्हणजे अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब, हिगाइशा म्हणजे ज्यांना हानी सोसावी लागली ते, दान्ताइ संघटना, क्योगिकाइ परिषद. शेवटच्या तीन शब्दांची पहिली अक्षरं उचलली की हि-दान-क्यो. आपण महाराष्ट्र साहित्य परिषदेला 'मसाप' म्हणतो तसंच. नावात हायड्रोजन बॉम्ब का आला, हे फलकावर एका ओळीत जरूर लिहा. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचा रेडिओचालक त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. त्या धक्क्याने जपानभर चळवळ उभी राहिली, आणि इतकी वर्षं गप्प असलेल्या हिबाकुशांनी १० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत ही संघटना स्थापन केली. २०२४ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं.

मग मराठी शब्द कोणता? 'पीडित' चालेल, पण हल्ली बातम्यांत तो गुन्ह्याच्या संदर्भातच फार येतो. माझं मत 'अणुबॉम्बग्रस्त'ला. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त ही आपली रोजची माळ आहे, त्यात तो सहज बसतो. 'ग्रस्'चा अर्थ गिळणे. घास हा शब्द त्याच घरातला. ग्रहण लागलेल्या स्थितीत चंद्र उगवला तर पंचांगात 'ग्रस्तोदय' लिहितात. म्हणजे ग्रस्त तो, जो गिळला गेला आहे पण नाहीसा झालेला नाही.

पण माझा खरा आधार व्युत्पत्तीचा नाही. आमच्या आजोळचं गाव धरणात गेलं. मामांच्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला एक कागद असायचा: प्रकल्पग्रस्ताचा दाखला. मामा कधीही 'आमचं नुकसान झालं' असं म्हणाले नाहीत. 'आम्ही धरणग्रस्त' म्हणायचे, आणि तसं म्हणताना आवाज चढायचा. त्या 'ग्रस्त'मध्ये कीव नव्हती, मागणी होती. धरण आणि अणुबॉम्ब यांची तुलना मला करायची नाही, ती होऊच शकत नाही. मी बोलतोय ते शब्दाच्या वजनाबद्दल. जपानमध्येही १९५७ च्या कायद्यापासून हिबाकुशांना एक छोटी पुस्तिका मिळते, तिला 'तेचो' म्हणतात. ती दाखवली की तपासणी, उपचार. ती मिळवायला त्या दिवशी आपण कुठे होतो हे पुराव्यानिशी सांगावं लागतं. स्फोटाच्या वेळी शहरात असलेले, दोन आठवड्यांच्या आत स्फोटस्थळाजवळ गेलेले, जखमींची शुश्रूषा करताना किंवा प्रेतं हलवताना किरणोत्सर्गाची बाधा झालेले, आणि तेव्हा आईच्या पोटात असलेले, असे चार प्रकार कायदा मानतो. पुढच्या पिढीला ती मिळत नाही, त्यावरून वाद आहे. हिदानक्योच्या मूळ मागण्या दोनच: जपान सरकारने भरपाई द्यावी, आणि अण्वस्त्रं जगातून जावीत. हक्क मागणाऱ्या माणसाला मराठीत 'ग्रस्त' हाच शब्द शोभतो.

तरीही पहिल्यांदा 'हिबाकुशा' लिहा, लगेच 'अणुबॉम्बग्रस्त' असा अर्थ द्या, आणि पुढे 'हिबाकुशा'च चालू ठेवा. ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांच्या मतांनी संमत झालेल्या अण्वस्त्रबंदी कराराच्या प्रास्ताविकातही तो शब्द जपानीच ठेवला आहे. फक्त त्याला 'घोडा'सारखा चालवू नका. 'हिबाकुशे', 'हिबाकुश्यांना' कानाला बोचतं. 'काका'सारखा चालवा: एक हिबाकुशा, अनेक हिबाकुशा, हिबाकुशांना.

दुसरा प्रश्न. 'अण्वस्त्र' निर्दोष आहे: अणु + अस्त्र, जसं मनु + अंतर मन्वंतर. अडचण 'अण्वस्त्रांचे निःशस्त्रीकरण' यात आहे. शुद्ध नसलेल्याला शुद्ध करणं ते शुद्धीकरण, तसं शस्त्र बाळगणाऱ्याला निःशस्त्र करणं ते निःशस्त्रीकरण. निःशस्त्र देश होतो. अस्त्रं कशी निःशस्त्र होतील? 'अण्वस्त्रधारी देशांचे निःशस्त्रीकरण' म्हणा, ते बरोबर. अस्त्र-शस्त्र हा भेद, फेकायचं ते अस्त्र आणि हातात धरायचं ते शस्त्र, इथे ताणण्याची गरज नाही. आजच्या मराठीत शस्त्र सगळ्यांना पोटात घेतं.

पण हिदानक्यो जे मागते ते याहून पुढचं आहे. त्यांचा जपानी शब्द 'हाइझेत्सु', म्हणजे मोडीत काढून नामशेष करणं. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, निर्मूलन. देवीच्या रोगाचं निर्मूलन झालं म्हणजे जगात देवीचा एकही रोगी उरला नाही. १९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आज बारा हजारांच्या आसपास आहेत. ही झाली कपात. फलकावर या दोन शब्दांची गल्लत झाली, तर या लोकांची सगळ्या आयुष्याची मागणीच बदलून जाईल. 'अण्वस्त्रांचे निर्मूलन' लिहा.

राहिली घोषणा. सेंजी यामागुची नागासाकीत चौदा वर्षांचे असताना भाजले. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभेत स्वतःच्या व्रणांचा फोटो हातात धरून त्यांनी आणखी हिरोशिमा नको, आणखी नागासाकी नको, युद्ध नको असं म्हणत शेवटी 'नो मोअर हिबाकुशा' म्हटलं. 'हिबाकुशा नकोत' असं लिहिलं तर ही माणसंच नकोत असा अर्थ निघेल, आणि मार्च २०२५ अखेर ती एक लाखाहूनही कमी उरली आहेत. मराठीत 'होणे' आणल्याशिवाय भागत नाही: 'यापुढे कुणीही हिबाकुशा होऊ नये.' घोषणेसारखी ठसठशीत हवी असेल तर 'आम्ही शेवटचे हिबाकुशा!' असंही करता येईल, पण ते त्यांच्या तोंडी घालावं लागेल. फलक तुमचा असेल तर पहिलीच ओळ ठेवा.