वर्गणी कशासाठी, ते पावतीवर छापा

प्रश्न : आमची लालबागची चाळ, ७४ बिऱ्हाडं. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या काकू तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. यंदा गणपतीत देखावा साधा करून वाचलेले पैसे आणि थोडी वेगळी वर्गणी कॅन्सरच्या संशोधनाला द्यावी, असं आम्हा पोरांचं म्हणणं. मोठी मंडळी म्हणतात, संशोधनात आपले लाख-सव्वा लाख म्हणजे दर्यात खसखस; त्यापेक्षा एखाद्या पेशंटला द्या. पैसे सध्या खजिनदारांच्या गूगल पे वर येताहेत. काय करावं?
— एक कार्यकर्ता

उत्तर : ते गूगल पे आधी बंद करा. खजिनदार सज्जनच असतील, प्रश्न तो नाही. आमच्या दादरच्या इमारतीत एका शेजाऱ्यांच्या ऑपरेशनसाठी वर्गणी काढली होती. हिशेब माझ्याकडे, पैसेही माझ्याच बचत खात्यात. शेजारी ऑपरेशनआधीच गेले आणि ११,४०० रुपये उरले. कोणी म्हणे घरच्यांना द्या, कोणी म्हणे ज्याचे त्याला परत करा, एकाला गच्चीवरची टाकी आठवली. पावतीवर मी नुसतं ‘मदत’ छापलं होतं. ट्रस्टच्या हिशेबखात्यात ३१ वर्षं काढलेली बाई मी! दोघीजणी जिन्यात अजून माझ्याकडे बघत नाहीत.

तेव्हा उपचार की संशोधन, हे आधी ठरवा आणि तेच पावतीवर छापा. गूगल पे वर ज्यांचे आले, त्यांनाही विचारा. देखाव्यातले पैसे लोकांनी गणपतीसाठी दिलेत. ते वळवायचे तर सभा घेऊन ठराव करा.

आता खसखशीचं. तुमच्यापासून चालत जाण्यासारखं परळचं टाटा. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला, तर ऑपरेशनच्या वेळीच मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की पुढे त्यात रोग दिसला तर बघावं, यावर डॉक्टरांत जुना वाद होता. टाटाच्या डॉक्टरांनी पेशंटचे दोन गट करून तपासलं. २०१५ साली निकाल आला : आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात, थांबलेल्यांपैकी ६७.५. यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. अशा कामात पैसा लागतो तो पेशंटचा वर्षानुवर्षं माग ठेवायला, फायली सांभाळायला, ते सांभाळणाऱ्या माणसांच्या पगाराला. तिथे तुमचा लाख दिसतो. मोठ्यांना हे सांगा. तरी ते उपचारालाच द्या म्हणाले, तर त्यातही काही वावगं नाही.

मंडळ नोंदलेलं नसेल, तर वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यांचं कार्यालय वरळीला आहे. पैसे मंडळाच्या बँक खात्यात ठेवा, चेक थेट संस्थेच्या नावाने काढा आणि सोबत पत्र द्या : ‘तोंडाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी’. उपचाराचा निधी वेगळा असतो.

एक जण नक्की विचारेल, टॅक्समध्ये सूट मिळेल का? देणगी मंडळाच्या नावाने गेली, तर त्याला मिळणार नाही. हवी असेल त्याने संस्थेला स्वतः द्यावी, तीही २,००० च्या वर रोख नको. नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच मिटला.

आणि काकूंचं नाव पावतीवर घालणार असाल, तर त्यांच्या घरच्यांना विचारून घाला.